हरवलेली तीन नक्षत्रं

१

हस्त नक्षत्र हरवलं होतं. त्याच्याबरोबर पुष्य आणि पूर्वाही गेल्या होत्या.

वीरप्पा गुरुजींनी पत्ते पुन्हा मोजले. पहिल्यांदा सहा भरले होते, दुसऱ्यांदाही सहाच भरले. हवे होते नऊ. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नक्षत्रं नऊ, हे त्या भागात शाळेची पायरी न चढलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवून निवृत्त झालेले गुरुजी आता कळंबच्या नवजीवन सहकारी मुद्रणालयात प्रुफं तपासत. तिथं लग्नपत्रिका छापल्या जात, सोसायट्यांचे फॉर्म छापले जात आणि दरवर्षी येरमाळ्याच्या जत्रेसाठी सापशिडीचे हजारो तक्ते निघत. १९८६ च्या त्या फाल्गुनात मात्र गुरुजींच्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक डबा होता. त्यात हातानं रंगवलेला एक खेळ होता, ‘एक आड’ नावाचा.

हा खेळ मुक्ताबाई ओव्हाळांनी केला होता. मुक्ताबाई गावातच प्राथमिक शिक्षिका होत्या आणि गुरुजींच्या जुन्या विद्यार्थिनी. बाहत्तरच्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायला गेल्या होत्या. पाणी दिसत असूनही आपल्या घागरीचा नंबर शेवटी लागतो, हे त्यांनी त्याआधीपासून पाहिलं होतं. त्यांच्या खेळात चार घरं होती आणि मधोमध सगळ्यांचा मिळून एकच आड होता.

खेळ सोपा होता. वर्ष बारा फेऱ्यांचं. सुरुवातीला आडात दहा पोहरे पाणी. दर फेरीला पिसलेल्या गड्डीतून एक नक्षत्र उलटायचं, त्यावर लिहिलेले पोहरे आडात पडायचे. पत्ते संपले की पाऊस संपला. दर फेरीला प्रत्येक घरानं प्यायला एक पोहरा काढायचाच. वर शेताला किती काढायचे, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बारा फेऱ्या पुऱ्या व्हायच्या आत आड आटला, तर चारही घरं हरली. नाही आटला, तर गाव तगलं. एकट्यानं जिंकायची सोयच नव्हती.

दोन दिवसांनी चार वाजता संचालकांची बैठक होती. हा खेळ छापायचा की नाही, ते त्या बैठकीत ठरायचं होतं. नाही म्हणाले, तर राखून ठेवलेला जाड कागद सापशिडीला जाणार होता आणि मुक्ताबाईंची चार वर्षांची मेहनत डब्यातच राहणार होती. दुसरा छापखाना अशा खेळाला दारातही उभं करणार नव्हता.

“गुरुजी, मी नऊ पत्ते दिले होते,” मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “स्वतः मोजून.”

मागून अध्यक्ष आण्णासाहेब आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“म्हंजे कुणीतरी काढलेत,” ते म्हणाले. “आणि कुणी काढलेत ते मला कळलंय.”

२

छापण्याआधी हा डबा तीन ठिकाणी फिरला होता. नवा खेळ, कुणाला आवडेल कुणाला नाही, म्हणून आण्णासाहेबांनीच तिघांना खेळून बघायला आणि मत लिहायला सांगितलं होतं. आधी परंडा, मग उमरग्याकडचं सास्तूर आणि शेवटी कळंब. डब्याची ने-आण छापखान्याचा विक्रेता महारुद्र करायचा. तक्ते आणि दिनदर्शिका विकत तो जिल्हाभर एस.टी.नं हिंडत असे.

आण्णासाहेबांनी तिन्ही पत्रं टेबलावर पसरली.

परंड्याचे दगडोबा मास्तर लिहीत होते: “तीन डाव खेळलो. दोनदा गाव तगले. मुलांना हिशेब करावा लागतो, हे चांगले. खेळ बरा आहे. फार मोठे नवल नाही.”

सास्तूरच्या सेवा सोसायटीचे माजी चेअरमन आबाराव यांचं पत्र असं होतं: “पाच डाव घरच्यांनी व शेजाऱ्यांनी मिळून केले. पाचही वेळा आड आटला. एकदा अकराव्या फेरीपर्यंत पोचलो, पुढे नाही. सूनबाई व शेजारी यांचे कडाक्याचे भांडण झाले. इतका खरा खेळ माझ्या जन्मात पाहिला नाही. छापाच.”

तिसरं पत्र कळंबच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तुळजाबाईंचं होतं: “सात डाव मुलींकडून खेळवून घेतले. एकदाही गाव वाचले नाही. अतिशय सांभाळून खेळलेल्या मुलीसुद्धा अकराव्या फेरीत कोरड्या पडल्या. एक मुलगी रडली. घरी दुष्काळ आहेच, तो पुठ्ठ्यात भरून मुलांच्या हाती देऊ नये. छापू नये.”

“आता बघा,” आण्णासाहेब म्हणाले. “परंडेकर बरा म्हणतो. सास्तूरकर डोक्यावर घेऊन नाचतो. म्हंजे तिथवर डबा शाबूत. आन् कळंबात येऊन एकाएकी खेळ वाईट झाला? एक तर महारुद्रानं वाटेत पत्ते काढले, न्हायतर बाईंनी शाळेत. बाईंना पहिल्यापास्नं पटलंच नव्हतं.”

ऐकायला हे अगदी बिनचूक वाटत होतं. टोपी घालून गुरुजी मुलींच्या शाळेकडे निघाले.

तुळजाबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि प्रश्न ऐकून चष्मा काढून ठेवला.

“गुरुजी, मी पत्ते चोरीन असं वाटतं तुम्हाला?”

“वाटण्याला मी मार्क देत नाही, बाई. पत्ते सहा आहेत हे तुमच्या लक्षात आलं होतं?”

“आलं होतं की.”

गुरुजी चमकले. “मग बोलला का नाहीत?”

“कारण मला वाटलं, तेच मुक्ताला म्हणायचंय. दुष्काळाचा खेळ आहे, काही नक्षत्रं कोरडी जाणारच. नियमांच्या कागदावर नऊ हा आकडा कुठं आहे? दाखवा मला.”

खरंच नव्हता. नऊ म्हणजे नऊच, ते काय लिहायचं, असं मुक्ताबाईंना वाटलं होतं. बाईंनी उणिवेलाच अर्थ दिला होता आणि त्या अर्थावर रागावून पत्र लिहिलं होतं.

“आणि सगळे पत्ते असते तर?” गुरुजींनी विचारलं.

“तरी आवडला असता असं नाही,” बाई म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू?”

डबा त्यांच्याकडे आला तेव्हा पत्ते सहाच होते, हे त्या शांतपणे सांगत होत्या. खरं मानलं, तर उरला एकटा महारुद्र.

३

प्रूफ तपासताना गुरुजी कागदाची एक पट्टी वापरत. जी ओळ वाचायची ती उघडी, बाकीचं झाकलेलं. माणूस पुढचं वाचून अंदाज बांधतो आणि समोरची चूक त्याला दिसत नाही, असं ते पोरांना नेहमी सांगत.

त्या दुपारी त्यांनी तीन पत्रं ओळीनं मांडली आणि प्रत्येकाचा शेवट पट्टीनं झाकला. ‘बरा आहे’ झाकलं, ‘छापाच’ झाकलं, ‘छापू नये’ झाकलं. उरलं फक्त काय घडलं ते.

“मुक्ता, इकडे ये. वाच.”

मुक्ताबाईंनी वाचलं. परंडा : तीन डाव, दोनदा गाव तगलं. सास्तूर : पाच डाव, पाचही वेळा आड आटला, फार तर अकरावी फेरी. कळंब : सात डाव, सातही वेळा आटला, फार तर अकरावी फेरी.

त्यांचे डोळे मोठे झाले.

“आता बेरीज कर. नऊ पत्त्यांत पाऊस किती?”

“अठ्ठेचाळीस पोहरे. आडातले दहा धरून अठ्ठावन्न.”

“चार घरं, बारा फेऱ्या, नुसत्या पिण्याला किती?”

“अठ्ठेचाळीस.”

“म्हणजे दहा पोहरे हाताशी उरतात. गाव तगू शकतं. आता पुष्याचे चार, पूर्वांचे तीन आणि हस्ताचे नऊ वजा कर.”

“बेचाळीस उरतात, गुरुजी. दहा फेऱ्या निघतील. अकराव्या फेरीत आटणारच, कसंही खेळा!”

“तर मग पत्ते कधी गेले?”

“सास्तूरला खेळायच्या आधी,” मुक्ताबाई हळूच म्हणाल्या. “आबारावांनी इतकं कौतुक केलं, तेही मोडक्याच खेळाचं. आणि बाईंनी नाव ठेवलं, तेही त्याच मोडक्या खेळाला.”

दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती. एकाला ती खरी वाटली, दुसरीला क्रूर. आण्णासाहेबांनी मतं वाचली होती, घडलेलं वाचलं नव्हतं. मतावरून डब्याची तब्येत ओळखायला गेलं की असं होतं.

पण यामुळे महारुद्राभोवतीचा फास सैल होण्याऐवजी आवळलाच. परंड्याहून सास्तूरला डबा त्यानंच नेला होता.

महारुद्र संध्याकाळच्या गाडीनं आला, खांद्यावर तक्त्यांची गुंडाळी. गुरुजींनी त्याला समोर बसवलं.

“तू या खेळाच्या विरुद्ध होतास ना?”

“व्हय, होतो. आजबी हाय,” महारुद्र म्हणाला. “गुरुजी, तुमी इथं सावलीत बसून छापता. जत्रंत उन्हात म्या उभा ऱ्हातो. लोक इचारत्यात, ह्यात जिंकतं कोण? म्या काय सांगू, कुणीच न्हाय? सापशिडी हातात दिली की लेकरू हसतं. हे दिलं की बाप इचारात पडतो.”

“बरं, मला एक सांग. तुला हा खेळ पाडायचा असता, तर तीन पत्ते कोणते काढले असतेस?”

“हस्त, मघा आन् उत्तरा,” महारुद्र क्षणाचाही विचार न करता म्हणाला. “हस्त नऊ पोहरे, मघा आठ, उत्तरा सहा. तेवढ्यावरच तर आड तगतो.” मग तो एकदम थबकला. “आता म्याच सापडलो का काय?”

“नाही, सुटलास.” गुरुजी हसले. “हरवलेत पुष्य, पूर्वा आणि हस्त. मघा आठ पोहऱ्यांची डब्यात तशीच पडली आहे आणि तीन पोहऱ्यांच्या पूर्वा गेल्या. खेळ मारायला निघालेला माणूस तीन पोहऱ्यांचा पत्ता चोरून आठांचा मागे ठेवेल का?”

“येडा असंल तर ठेवील.”

“किंवा त्याला पोहऱ्यांशी काही देणंघेणंच नसेल.”

गुरुजींनी तिन्ही नावं कागदावर लिहिली. पुष्य, पूर्वा, हस्त. गेल्या साली पूर्वा कळंबात पडल्या होत्या. छापखान्याचं छप्पर गळून पत्रिकांचे दोन गठ्ठे भिजले होते, ते त्यांना स्वच्छ आठवत होतं. पण पाऊस काय, बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं ठेवतो.

“महारुद्र, तू गावोगाव फिरतोस. गेल्या साली सास्तूरकडं पाऊसपाणी कसं होतं रे?”

“कसलं पाऊसपाणी! पुष्य कोरडंच गेलं. पूर्वा लातूरपतुर आल्या आन् माघारी फिरल्या. आन् हस्ताच्या हत्तीनं तर तिकडं सोंडबी वळवली न्हाय. त्यांची शाळू ज्वारी पेरायचीच ऱ्हायली.”

गुरुजी उठले.

“सकाळी पहिली गाडी किती वाजता आहे?”

४

दोन गाड्या बदलून गुरुजी सास्तूरला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आबारावांचं घर वेशीजवळ होतं. ते ओसरीवर दोर वळत बसले होते. गुरुजींनी ओळख सांगताच त्यांनी दोर टाकून दिला.

“खेळवाले गुरुजी? अगं सरुबाई, चहा टाक! मुद्दाम आलेत!”

“टाकते की,” आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. “आता पुन्हा भांडणं लावणार का? त्या खेळापायी शेजारीण चार दिस बोलत नव्हती आमच्याशी.”

“तिनं सहा पोहरे काढले, मग?” आबाराव आत ओरडले आणि गुरुजींकडे वळले. “काय सांगू, सोताची घागर भरली की शेजाऱ्याची दिसत न्हाय. खेळ करणारी बाई लई हुशार हाय तुमची. कुणाची लेक?”

गुरुजींनी सांगितलं. आबारावांनी मान हलवली. “तरीच. आड कसा असतो, ते वरून पाणी शेंदणाऱ्याला कळत न्हाय. बाजूला उभं ऱ्हावं लागलेल्याला कळतं.”

चहा आला. गुरुजींनी कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, “आबाराव, डब्यात पत्ते नऊ होते ना?”

“व्हय, नऊच.”

“मग तीन कुठं आहेत?”

आबारावांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही. ते उठले, भिंतीच्या देवळीतल्या पंचांगात हात घातला आणि तीन पत्ते गुरुजींसमोर ठेवले. पुष्य, पूर्वा, हस्त. कडेला कुठं दुमडसुद्धा नव्हती.

“काढून का ठेवलेत?”

“आता बघा. पत्ते पिसले, पयला पत्ता उलटला, हस्त! नऊ पोहरे! आन् ही आतून म्हणली...”

“म्या म्हणलं, कुठं पडला हत्ती?” सरुबाई दारात येऊन म्हणाल्या. “वर बघून बघून मान मोडली आमची. आन् हे बसलेत नऊ पोहरे घेऊन. खोटं वाढू नका म्हणलं पानात.”

“तिचं बरोबर होतं,” आबाराव म्हणाले. “जे पडलंच न्हाय ते आडात कसं घालू? लेकरं बसली होती समोर. त्यांनी तो इहिरीचा तळ सोता पाह्यलाय. मग म्या पंचांग काढलं आन् जी नक्षत्रं कोरडी गेली ती बाजूला केली. साल जसं झालं तसं मांडलं. कुणाला लबाड वाटू नये म्हणून.”

“आणि डबा परत देताना?”

आबारावांनी पत्त्यांची कड अंगठ्यानं पुसली.

“टाकणार होतो परत. पण हात उचलंना, गुरुजी. वाटलं, यंदा ही नक्षत्रं पडली का टपालानं धाडून देऊ.”

गुरुजींना हसू आलं आणि ते आतल्या आत गिळलंही गेलं. समोरचा माणूस चेष्टा करत नव्हता.

“तुमच्या या तीन पत्त्यांपायी तिचा खेळ उद्या बुडणार आहे,” ते म्हणाले. “एक मुलगी रडली. एक माणूस चोर ठरत होता.”

आबाराव मटकन बसले. “आन् म्या तर छापाच म्हणून लिवलंय!”

“तेच तर. तुम्ही तुमच्या सालाचा खेळ खेळलात आणि मत तिच्या खेळाचं लिहिलंत.”

आबारावांनी पत्ते फडक्यात बांधून गुरुजींच्या हातात दिले. मग कागद मागून घेतला आणि घडलं ते सगळं लिहून खाली सही केली. सरुबाई म्हणाल्या, माझंबी नाव घाला, म्या म्हणलं म्हणून झालं हे.

५

दुसऱ्या दिवशी चार वाजता संचालक जमले. तुळजाबाईंना आणि महारुद्रालाही बोलावलं होतं. मुक्ताबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या.

गुरुजींनी सगळं सांगितलं, घाई न करता, वर्गात सांगावं तसं. आबारावांचा कागद वाचून दाखवला. महारुद्रानं मोठा सुस्कारा सोडला. तुळजाबाई खाली बघत होत्या.

“चोर कुणीच न्हाय, हे बरं झालं,” आण्णासाहेब म्हणाले. “पण गुरुजी, आता करायचं काय? एक मत बरं, आणि दोन मतं रद्द.”

“खेळून बघा. पत्ते नऊ आहेत आता.”

टेबल मोकळं झालं. आण्णासाहेब, तुळजाबाई, महारुद्र आणि एक संचालक असे चौघे बसले. आण्णासाहेब दर फेरीला चार पोहरे काढत होते. आठव्या फेरीला आड आटला.

“आण्णासाहेब, उसाला पाणी लावलं काय?” महारुद्र म्हणाला.

सगळे हसले, आण्णासाहेब सोडून. “पुन्हा मांडा,” ते म्हणाले.

दुसऱ्या डावाला त्यांनी दोनदा हात पुढं केला आणि दोनदा मागं घेतला. बारावी फेरी संपली तेव्हा आडात तीन पोहरे उरले होते. बघ्या संचालकांपैकी कुणीतरी टाळी वाजवली.

“मला आवडला,” आण्णासाहेब कपाळ पुसत म्हणाले. “पण मला आवडला म्हंजे जत्रंत खपंल, असं न्हाय. मुक्ताबाई, एक करा. ज्याचं शेत जास्त भिजलं तो जिंकला, एवढी एक ओळ घाला. आत्ता हजार संच छापतो. सही करतो.”

हजार संच! महारुद्रानं मुक्ताबाईंना डोळ्यांनी खुणावलं, घ्या.

मुक्ताबाई उभ्या राहिल्या.

“ती ओळ घातली तर सगळे पहिल्या फेरीपासूनच उपसतील, आण्णासाहेब. मग त्यात आडाचं काही उरत नाही. थोडे छापा, पण असाच छापा.”

“आन् पडून ऱ्हायले तर?”

“राहतील. तेव्हा माझा अंदाज चुकला म्हणेन.”

आण्णासाहेबांनी महारुद्राकडे पाहिलं. “तू काय म्हणतोस? उन्हात तूच उभा ऱ्हाणार.”

महारुद्र डोकं खाजवत राहिला. “हजार नगं. दोनशे द्या. जाड कागद तेवढाच लागंल, बाकीची सापशिडी काढा. लोकांना काय सांगायचं ते म्या बघतो... पण डब्यावर कायतरी चांगलं छापा, ‘लहानथोरांची करमणूक’ म्हणून.”

“नको,” मुक्ताबाई म्हणाल्या. “डब्यावर तिन्ही मतं छापूया. परंड्याच्या मास्तरांचं आहे तसं. आबारावांनी काय केलं ते आणि मग त्यांचं मत. आणि बाईंचं.”

“माझं?” तुळजाबाईंनी मान वर केली. “मी पुन्हा खेळले, तरी माझं मत फारसं बदललेलं नाही. गाव वाचू शकतं, हे मला दिसलं. तरीही दहा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मी हा खेळ देणार नाही.”

“मग तसंच लिहा, बाई.”

“डब्यावर? इकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर?” महारुद्र कळवळला. “दुकानाच्या दारातच सांगायचं का, आत येऊ नका म्हणून?”

“ज्याला यायचंय तो वाचून येईल,” मुक्ताबाई म्हणाल्या.

मग आण्णासाहेबांनी ठरावाच्या वहीत ‘दोनशे’ लिहिलं, खाली सही केली आणि वही पुढं सरकवली.

“तिन्ही मतं,” ते म्हणाले. “आता वर कुणाचं घालायचं?”

मुक्ताबाईंनी एक कोरा कागद आणि पेन तुळजाबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

“बाईंचं,” त्या म्हणाल्या.

तुळजाबाईंनी चष्मा चढवला. पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि मान वर न करताच विचारलं, “किती ओळी बसतात गुरुजी, डब्यावर?”